चाळीस सेकंदांची हाक

९ नोव्हेंबर, चिखले

हिना म्हणाली, फोन बंद ठेव, कुठेही काही टाकू नकोस, अगदीच राहवलं नाही तर वहीत लिही. म्हणून ही वही आणली. दुकानदाराने ओळखलं. एरवी तो आधी सेल्फी घेतो, मग वस्तू देतो. आज वही पिशवीत घालून दिली आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

मी मिथुन तामोरे, 'भांग' या रॉक बँडचा गायक. वहीला हे सांगायची गरज नाही, पण मुलाखती देऊन देऊन अशीच सुरुवात करायची सवय लागली आहे. हिना आमचं बाहेरचं सगळं बघते, कार्यक्रम, करार, भांडणं. डहाणू रोडची आहे, शाळेत एका वर्गात होतो, त्यामुळे मला ओरडू शकते.

झालं असं. मंगळवारी तलासरीच्या कॉलेजातल्या एका मुलीने व्हिडिओ टाकला. हॉस्टेलच्या पलंगावर बसून, केस विंचरलेले, शांतपणे बोलते. "'हाक' गाणं तुम्ही सगळे ऐकता. सुरुवातीला जी बाई रडते ती मिथुनची आजी नाही. ती माझी आई आहे, रूपी. माझा बाप भिका समुद्रात मेला, तेव्हा ती रडत होती. ती मध्ये 'जमू' म्हणते. जमू म्हणजे मी. आमच्या गॅदरिंगला पोरी या गाण्यावर नाचल्या. मोठ्या स्पीकरवर मी पहिल्यांदा माझं नाव ऐकलं."

बस, एवढंच. ना शिवी, ना मागणी. पाच दिवसांत एकोणीस लाख लोकांनी पाहिलं. पुण्याचा महोत्सव गेला. नाशिकचा गेल्यात जमा.

घरी आलो तर आईने पान वाढलं. जेवताना बाबांनी फक्त विचारलं, "तुझा तो जुना मोबाइल आहे काय अजून?" मी म्हटलं, मोबाइल कधीच गेला, पण त्यातलं सगळं लॅपटॉपवर आहे. मग त्यांनी कालवण मागितलं.

११ नोव्हेंबर

वाद मला नवीन नाही. सहा वर्षांपूर्वी बँडच्या नावावरून केवढा गोंधळ झाला होता. भांग म्हणजे आमच्या किनाऱ्यावर भरतीला जोर नसतो ते दिवस. उधाण उतरलं की भांग. आम्ही चौघं तेव्हा बिनजोराचीच होतो म्हणून ते नाव ठेवलं. एका कॉलेजात कोणाला तरी वाटलं की ही नशेची जाहिरात आहे. मोर्चा आला, आमचा फलक जाळला, मी स्टेजवरून म्हणालो की शहरातल्यांना फक्त प्यायचीच भांग माहीत. ते वाक्य टीव्हीवर चार दिवस चाललं. तक्रार झाली, मागे घेतली गेली, आणि पुढच्या महिन्यात जिथे दोनशे माणसं यायची तिथे दोन हजार आली.

तेव्हा मी बरोबर होतो आणि जग मूर्ख होतं. त्यातून मी एकच धडा घेतला, गप्प बसायचं, लाट जाते. आताही जाईल.

पण तेव्हा झोप लागायची.

१२ नोव्हेंबर

आज आईला विचारलं, चार वर्षं मी सगळीकडे सांगतोय की तो आवाज आजीचा, तू कधी अडवलं का नाहीस? ती सुके बोंबील डब्यात भरत होती. म्हणाली, "तुझी आजी कधी रडली नाय. तिला वेळच नव्हता. मला वाटलं, तुला माहीत असेल."

खरं लिहायचं तर, आजी हे मी आधी ठरवलेलं नव्हतं. पहिल्या मुलाखतीत बाईंनी विचारलं, हा आवाज कोणाचा, काळीज चिरून जातं. मी म्हणालो, आमच्या घरातला आहे. त्या म्हणाल्या, आजी? मी मान हलवली. एकदा मान हलवली की पुढचं आपोआप होतं. दुसऱ्या मुलाखतीत आजीचं वय आलं, तिसऱ्या मुलाखतीत तिचं लुगडं.

भिका आमच्या बोटीवर खलाशी होता, बाबा तिचे नाखवा, म्हणजे मालक. तलासरीच्या पुढच्या पाड्यावरचा. तेरा वर्षांपूर्वी दिवाळीनंतर वादळात बोटीवरून गेला. तिसऱ्या दिवशी चिखल्याच्या किनाऱ्यावर, सुरूच्या झाडांखाली मिळाला. त्याची बायको टेम्पोतून उतरली ती थेट पाण्यात शिरली. मी वीस वर्षांचा, नवीन मोबाइल, दिसेल तो आवाज रेकॉर्ड करायचं वेड. इंजिनाचे, बर्फ फोडल्याचे, लिलावाचे. बटण दाबलं तेव्हा मी विचार केला नाही, हे देवाशपथ. अकरा मिनिटं रेकॉर्ड झालं. त्यातली चाळीस सेकंद गाण्यात घेतली. तिने भिकाचं नाव घेतलेलं होतं ते काढलं. मागे माणसांचा गलका होता, तोही काढला. "ये रं, ये" एवढं ठेवलं, आणि एक शब्द मला कळला नव्हता तो तसाच राहिला.

कार्यक्रमात पाच पाच हजार माणसं मोबाइलचे दिवे लावून तिच्यासारखी हाक मारतात, "ये रं, ये." मी माइक त्यांच्याकडे करतो आणि डोळे मिटतो. सुंदर दिसतं.

१५ नोव्हेंबर

हार्दिक बँड सोडून गेला. ड्रम्सवर पहिल्या दिवसापासून होता. फोन उघडला तर त्याचा मेसेज: "मी तुझ्या आजीबद्दल ऐकून रडलो होतो रे. एकदा तरी सांगायचंस." मी तीनदा उत्तर लिहिलं, तीनदा पुसलं. शेवटी अंगठा पाठवला. अंगठा का पाठवला असेल मी?

१७ नोव्हेंबर

हिनाने तोडगा काढला आहे. रूपीने कॅमेऱ्यासमोर म्हणावं की तिची हरकत नाही. "एक मिनिटाचा पुरे. तू तिच्या शेजारी बस, खाली जमिनीवर. गॉगल नको. आणि हे बघ, तिच्यासाठी आपण काहीतरी करूच, पण ते व्हिडिओत बोलू नको, चीप वाटतं."

बाबांना सांगितलं तलासरीला जातोय. ते एकदम म्हणाले, "कशाला? जखम उकरायला? तू काही चुकीचं केलं नाहीस." इतक्या वर्षांत माझ्या गाण्याबद्दल ते माझ्या बाजूने असं पहिल्यांदाच बोलले. बरं वाटलं.

पाड्यावर पोचलो तेव्हा घरी फक्त मुलगी होती, सुट्टीची आलेली. जमुना. व्हिडिओतल्यापेक्षा लहान दिसते. मी नाव सांगायच्या आत तिने तांब्याभर पाणी आणून दिलं आणि मी पिईपर्यंत उभी राहिली.

"आई घोलवडला गेलीय, चिकूच्या वाडीत. आठ दिवस तिथंच ऱ्हाते."

मी म्हटलं, मला माफी मागायची आहे.

"माझ्याकडं कशाला? मला तर त्या वेळचं काहीच आठवत नाय. बापाचं तोंड पण नाय. फोटो नाय एकही." मग म्हणाली, "तुम्ही तिथं होता ना? माझा बाप खूप प्यायचा का हो?"

मी म्हटलं, मला नीट माहीत नाही, मी तेव्हा कॉलेजात होतो.

"शाळेत पोरं चिडवायची. समुद्रात पण दारू प्यायला गेला म्हणून."

मी तांब्या खाली ठेवला. ऊन फार होतं. लगेच निघालो.

२० नोव्हेंबर

काम झालं. तसं सोपं झालं.

घोलवडच्या वाडीत शेडखाली आठ-दहा बायका चिकू निवडत होत्या. मोठे एका क्रेटमध्ये, बारीक दुसऱ्यात. रूपी कोण हे विचारावं लागलं. मला वाटलं होतं ती उंच असेल. आवाजावरून तशी वाटते.

तिने मान वर करून पाहिलं. "तू नाखव्याचा पोर ना? तोंड त्याच्यासारखाच हाय."

मी जमिनीवर बसलो, हिनाने सांगितलं होतं तसा. गाण्याबद्दल बोललो. तिने हात थांबवला नाही.

"जमूने ऐकवला मना. मना वाटलाच नाय का मीच हाय. एवढा मोठा आवाज माझा कवा होता?"

"तुम्हाला राग नाही आला?"

"कशाचा?" एक चिकू दाबून बघत तिने बाजूला टाकला. "तवा मी रडली ना, तां शेवटचा. मंग संध्याकाळी तुमच्याच माणसांनी सांगला, पिऊन पडला. तवापासून डोल्यात पाणी आला नाय. रागच आला. चार वर्सांची पोर घरी ठेवून मानूस दारू पिऊन बोटीवर चढतो? दिवस घातला त्याचा तवा पन मी शिव्याच घातल्या. भगत बोलला, असा नको करू, तो येनार नाय तुझ्याकडं. मी बोलली, नको येऊ दे."

शेजारच्या बायका हसल्या. तीही हसली.

मग मी फोन काढला. तिने पदर सारखा केला, विचारलं, "काय बोलू सांग." मी सांगितलं. तिने म्हटलं, "माझी काय तक्रार नाय. पोराने गाना चांगला केला." एकाच टेकमध्ये.

व्हिडिओ हिनाला पाठवला. तिने तीन बदाम पाठवले.

२१ नोव्हेंबर

हिनाला म्हटलं, थांब, आज टाकू नकोस. "का? आवाज खराब आहे का?" हो म्हटलं.

२२ नोव्हेंबर

आवाज खराब नाही.

२३ नोव्हेंबर

हे लिहायचंच आहे तर आता लिहितो. परवापासून वहीच्या आजूबाजूला फिरतोय.

गलका काढला असं मी वर लिहिलंय. गलका नव्हता. सातव्या मिनिटाला रूपीचा आवाज लांब जातो, तिला बायकांनी ओढून नेलं तेव्हा. मी तिथेच उभा होतो, मोबाइल हातात चालू. माझ्या मागे सुरूच्या बुंध्याजवळ बाबा तांडेलाशी बोलत होते. तांडेल म्हणजे त्या दिवशी बोट घेऊन गेलेला, तोही आता नाही. बाबा स्वतः गेले नव्हते. रेकॉर्डिंगमध्ये त्यांचा आवाज दबका आहे, पण स्पष्ट आहे. "कोणी विचारलं तर सांगायचं, प्यायला होता. बावट्याचं बोलायचं नाय. तीन नंबर लागला होता हे कोणाला कळता नये." तांडेल म्हणतो, "नाखवा, तो पीत नव्हता हो." बाबा म्हणतात, "आता त्याला काय फरक पडतो?"

बंदरावर धोक्याचा बावटा लागला होता आणि बाबांनी बोट पाठवली, कारण समुद्रात आमची डोल राहिली होती. जाळं गेलं असतं.

हे मी त्याच रात्री हेडफोन लावून ऐकलं होतं. वीस वर्षांचा होतो. मला वाटलं, बाप आहे. मला वाटलं, मेलेला माणूस परत येणार नाही. नऊ वर्षं फाइल उघडली नाही. मग गाणं करताना उघडली, सातव्या मिनिटाच्या आधीच बंद केली, आणि स्वतःला सांगितलं की तिचं दुःख जगापर्यंत पोचवतोय. खरंच पटलं होतं मला ते. चार वर्षं पटत राहिलं.

लोक मला चोर म्हणताहेत, आवाजाचा चोर. त्यांना वाटतं मी जास्त घेतलं. मी तर चाळीस सेकंदच घेतली. बाकीचं दाबून ठेवलं, गुन्हा तो आहे. ज्या मुलीने दारात उभं राहून विचारलं की माझा बाप प्यायचा का, तिला मी म्हटलं, नीट माहीत नाही.

२६ नोव्हेंबर

बाबा ओट्यावर बसले होते. बोट विकून पाच वर्षं झाली, तरी हातात कोणाचं ना कोणाचं जाळं असतंच सांधायला. मी म्हटलं, "बाबा, मी त्या दोघींना पूर्ण रेकॉर्डिंग ऐकवणार आहे."

सुई थांबली नाही.

"तुमचा आवाज आहे त्यात."

"म्हाईत आहे मला. गाणं आलं तेव्हापासून वाट बघतोय."

"कसली?"

"तू कधी बोलतोस त्याची." मग एक गाठ मारून, "तू पण ऐकलं होतंस. तेरा वर्षं झाली. मग आपण दोघं सारखेच की रे."

मी म्हटलं, तुम्ही चला माझ्याबरोबर. ते म्हणाले, "ते नाय होणार माझ्याच्याने." एवढं बोलून जाळं खाली ठेवलं आणि आत गेले. बाबा पाठीत वाकलेत हे मला आज दिसलं.

आई चुलीपाशी होती. तिने सगळं ऐकलं होतं. मला म्हणाली, "जायचं तर जा. पण तिथं जाऊन रडू नकोस. तो तिचा अधिकार आहे."

तिला आधीपासून माहीत होतं का, हे मी विचारलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही.

३० नोव्हेंबर

लॅपटॉप घेऊन गेलो. अंगण सारवलेलं, रूपी परत आली होती. जमुना दाराला टेकून उभी. मी म्हटलं, यात भिकाबद्दल काहीतरी आहे, ते तुम्हाला आधीच सांगायला हवं होतं. मग लावलं. अकराही मिनिटं.

पहिली सहा मिनिटं ऐकणं किती कठीण असेल याचा मी विचारच केला नव्हता. रूपी आधी लॅपटॉपकडे बघत होती, मग जमिनीकडे. स्वतःच्या आवाजात भिकाचं नाव आलं, गाण्यातून काढलेलं, तेव्हा तिचे ओठ हलले. जमुनाने एकदा म्हटलं, "बंद करा हो." रूपी म्हणाली, "ऱ्हाऊ दे."

सातवं मिनिट आलं. बाबांचा आवाज. तांडेलाचा. "तो पीत नव्हता हो."

रूपीने परत लावायला सांगितलं. तेवढाच तुकडा. मी लावला. परत. चार वेळा.

मग ती बसल्या जागी पुढे वाकली, कपाळ गुडघ्यांना लावलं.  मला वाटलं ती रडेल, जोरात, तशीच. तिचा आवाज आलाच नाही. गुडघ्यांतूनच म्हणाली, "तेरा वर्सं मी त्याला शिव्या घातल्या."

जमुना माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "तुम्हाला हे कधीपासून माहीत होतं?"

"त्याच दिवसापासून."

"त्या दिवशी मी विचारलं तेव्हा पण?"

"हो."

ती रागाने काही फेकेल असं वाटलं. तिने लॅपटॉपचं झाकण हळूच मिटलं. मी म्हटलं, मी हे सगळीकडे टाकतो, आजच, माझ्या पेजवर, बाबांच्या नावासकट. चाळीस लाख लोक बघतील.

"नको," ती म्हणाली. "तिथं लोक टाळ्या वाजवतील तुम्हाला. तुमच्या गावात सांगा. जिथं माझ्या बापाला दारुड्या म्हणतात तिथं, त्याच माणसांसमोर. मोबाइल नको."

मी हो म्हटलं. निघताना रूपीला नमस्कार करायला वाकलो, तिने पाय मागे घेतले.

४ डिसेंबर

पौर्णिमा. देवळासमोर गावाची बैठक असते. सगळे नाखवे, तांडेल, साठ-सत्तर माणसं. बाबा आले नव्हते. मी उभा राहिलो. 

मी सांगितलं. भिका प्यायलेला नव्हता. बावटा लागला होता. माझ्या वडिलांनी बोट पाठवली आणि नंतर खोटं सांगायला लावलं. मला सगळं माहीत होतं आणि मी गप्प राहिलो. मग त्याच्या बायकोच्या रडण्यावर मी नाव कमावलं.

 मग बाबांबरोबर लहानपणापासून समुद्रावर जाणारे एक काका उठले. "जाळं समुद्रात असलं की कोण बावटे बघतं? इथल्या कोणी बघितलाय? मिथुन, तू बापाला विकलास." आणि चपला घालून गेले. त्यांच्यामागे बाकीचे उठले. शेवटी पुजारी आणि मी उरलो. पुजाऱ्याने विचारलं, "झालं ना तुझं? दिवा बंद करू?"

७ डिसेंबर

कोणीतरी मोबाइलवर काढलं होतंच. मागच्या रांगेतून. सगळीकडे गेलंय.

जमुनाला फोन केला, शपथ घेऊन सांगितलं की मी नाही टाकलं. "माहीत आहे," ती म्हणाली. "तुमचं तोंड नीट दिसत नाय त्यात."

१० डिसेंबर

आता मी शूर आहे. परवापर्यंत ज्यांनी मढ्यावरचं लोणी खाणारा म्हटलं तेच लिहिताहेत, सलाम, असा कलाकार होणे नाही, सत्यासाठी बापालाही सोडलं नाही. दुसरी अर्धी माणसं म्हणतात, प्रसिद्धीसाठी बापाला सोडलं नाही. दोन्ही बाजूंच्या भांडणात 'हाक' आठवडाभरात पहिल्यापेक्षा जास्त वाजलं.

हिना आली होती, मासे घेऊन. आमच्या घरी मासे घेऊन येणारी ती एकटीच. म्हणाली, पुण्यावाल्यांनी परत बोलावलंय, शेवटचा कार्यक्रम आपला, सगळ्यात मोठा. "तू स्टेजवर एवढंच म्हण, हे गाणं भिकासाठी. लोक वेडे होतील, मिथुन." मग तिने माझ्या तोंडाकडे बघितलं. "मी असं बोलले काय आत्ता?" तिने स्वतःच विचारलं.

मी म्हटलं, गाणं काढून टाक, सगळीकडून. ती हो म्हणाली. तिने काढलंही. पण लोकांच्या फोनमध्ये आहे, रिक्षांत आहे. काल डहाणू रोडला एका दुकानात वाजत होतं. मी आत जाऊन बंद करा म्हटलं तर पोरगा म्हणाला, "दादा, तुमचंच आहे ना!"

१६ डिसेंबर

बाबा कट्ट्यावर जात नाहीत. पहिल्या दिवशी गेले होते. ते बसले तसे बाकीचे एकेक करून उठले. मी बोललो म्हणून की त्यांनी केलं म्हणून, ते कोणी सांगितलं नाही. सांधायला जाळीही कोणी देत नाही आता. रिकाम्या हातांनी बसतात. माझ्याशी बोलत नाहीत, पण मी घरात नसलो की आईला विचारतात, जेवून गेला काय.

आईला बाजारात शेजारच्या बायकांनी विचारलं, तुला पोर जास्त की नवरा? ती म्हणाली, "मला मासे विकायचेत, घ्यायचे तर घ्या."

२३ डिसेंबर

जमुनाचा फोन. त्यांनी भिकाचा दिवस परत घातला. भगत म्हणाला होता, एकदा झाल्यावर परत करत नाहीत, पण रूपीने ऐकलं नाही. मी विचारलं, मी आलो असतो तर चाललं असतं का?

"नाय. तुमचा आवाज ऐकला की आईला ते आठवतं." मग म्हणाली, "आई रडली. तेरा वर्षांनी. मी तिला तसं कधी बघितलंच नव्हतं, गाण्यातच ऐकलं होतं."

मी विचारलं नाही की कशी रडली, जोरात की हळू. विचारायचं मनात आलं होतं, हे मात्र इथे लिहून ठेवतो.

६ जानेवारी

आज बाबा घरात नव्हते. सकाळीच अंघोळ करून धुतलेला सदरा घातला आणि डहाणूहून तलासरीची एसटी धरली, असं आई म्हणाली. मला उठवलं नाही. आईने डबा देऊ केला तर नको म्हणाले, त्या घरी हात हलवत जायला पाहिजे, काही घेऊन गेलो तर ती देवाणघेवाण होईल.

दिवसभर मी घराच्या कुंपणापर्यंत जात होतो आणि परत येत होतो. आईने तीनदा सांगितलं, बस आता.

चार वाजता आले. चालत, नाक्यापासून. ओट्यावर बसले. आईने पाणी दिलं, ते त्यांनी हातात धरून ठेवलं. मी समोर पायरीवर बसलो. सव्वा महिन्यानंतर ते माझ्याकडे बघून बोलले.

"त्याची पोर डिट्टो त्याच्यासारखी आहे. हनुवटी, उभं राहणं. दारात उभी होती तर मला वाटलं..." पुढचं त्यांनी सोडून दिलं.

"रूपी काय म्हणाली?"

"काय नाय. मी सगळं सांगितलं, ती ऐकत होती. माफी मागितली तर बोलली, ते राहू दे. मग तिने एकच विचारलं. शेवटी तो काय बोलला."

हे माझ्या अकरा मिनिटांत नाही. कुठल्याच रेकॉर्डिंगमध्ये नाही.

"मग?"

बाबांनी पाण्याकडे बघितलं. "खाडीवर दोरी सोडताना माझ्याजवळ आला होता. हळू बोलला, बाकीच्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. मला कमीपणा वाटू नये म्हणून. 'नाखवा, आज नको. वारा बरा नाय.'"

"आणि तुम्ही?"

"मी म्हटलं, भितोस काय रे? तो हसला. आणि चढला."

आत आईच्या हातातली परात खाली ठेवल्याचा आवाज आला. बाबांनी तांब्या माझ्याकडे दिला, तसाच, भरलेला. मी तो दोन्ही हातांनी घेतला आणि आम्ही दोघं तिथेच बसून राहिलो.